घरी स्पार्क प्लग बदलताय? मग या चुका टाळा

गाडी सकाळी स्टार्ट घेताना कुरकुरते, उभी असताना धडधडते, पिकअप मेलाय, अशी लक्षणं दिसली की प्लग काढून बघायची वेळ झाली समजा. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनला काम तासाभराचं आहे आणि घरी आरामात होतं, पण हेडचे (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) आटे खराब झाले तर मात्र ते काम घरी निस्तरणारं नसतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, इंजिन गरम असताना प्लगला हात लावायचा नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना त्याचे आटे नरम असतात आणि अडकलेला प्लग येताना ते सोबत घेऊन येतो. बोनेट कोमट लागलं तरी थांबा, रात्रभर उभी राहिलेली गाडी सगळ्यात बेस्ट.

कॉइल, म्हणजे प्लगवर बसलेला आणि त्याला हाय व्होल्टेज देणारा भाग, काढताना वायरला धरून ओढू नका. कनेक्टरचं लॉक वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ठिसूळ झालेलं असतं, ते अंगठ्याने पूर्ण दाबूनच सोडवा, आणि रबरी बूट चिकटला असेल तर आधी डावी-उजवीकडे थोडा फिरवा. मग लगेच पाना घालायचा मोह होतो, पण आत विहिरीसारख्या भोकात धूळ आणि बारीक खडे साचलेले असतात, प्लग निघाला की ते सरळ सिलिंडरमध्ये. आधी हवा मारा, प्लग एखादा आटा ढिला करा, परत हवा मारा, मगच काढा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

जुन्या पद्धतीच्या प्लग वायर असतील तर एकावेळी एकच प्लग बदला. चारही वायर काढून ठेवल्या आणि क्रम चुकला की गाडी एकतर सुरूच होत नाही किंवा फटाके फोडते.

आता मुख्य चूक, नवा प्लग सुरुवातीपासून रॅचेटने फिरवणं. माझ्या गाडीचा तिसरा प्लग बसवताना दोन आट्यांतच तो घट्ट लागला, हातात पाना होता, थोडा जोर दिला असता तर गेलाही असता, पण मी बाहेर काढून बघितलं तर पहिल्या आट्याच्या कडेला चकचकीत ओरखडा उठलेला, म्हणजे तिरका चढत होता. मग प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावला, आधी उलटा फिरवला, आटा आट्यावर बसल्याचं हलकं 'टक' हाताला जाणवलं आणि तिथून सुलटा फिरवला तर पार तळापर्यंत बोटांनी गेला. नळीचा फायदा हाच, की तिरकं लागलं तर ती प्लगवर नुसती घसरते, जोर पोचतच नाही. आटे स्वच्छ असतील तर प्लग बोटांनीच तळापर्यंत जायला पाहिजे, नाही गेला तर काढा आणि परत लावा.

टाईट किती करायचं तर गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बघा. वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर बोटांनी टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. वॉशर नसलेल्या तिरक्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश, तिथे अर्धा फेरा दिलात तर वाट लागेल. आणि आट्यांना ग्रीस, ऑईल लावू नका, हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत, ओले केले की तोच टॉर्क लावूनही प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

प्लगचा नंबर गाडीच्या कंपनीने दिलाय तोच घ्या. अंदाजाने जवळचा घेऊ नका, कारण एनजीके ब्रँडमध्ये हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा) आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशमध्ये बरोबर उलटं. इरिडियमचं टोक अतिशय बारीक असतं, गॅप (ठिणगी पडते ती फट) करायला त्यावर काही ठोकू नका. फरशीवर पडलेला प्लग लावूच नका, आतलं सिरॅमिक तडकलं तरी बाहेरून दिसत नाही.

सगळं लावून गाडी तरीही मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर आधी कॉइलचे कनेक्टर दाबून बघा, बऱ्याचदा एखादा अर्धवट बसलेला असतो. गाडीचे फॉल्ट कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे मिसिंग दुसऱ्या सिलिंडरला, त्याची कॉइल तिसऱ्याला लावा, कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेलेली, तिथेच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे बघावं लागेल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाईनमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो जळतो.

जुने प्लग लगेच फेकू नका, सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट काळं म्हणजे ऑईल जळतंय. वरच्या बाजूला विहिरीतच ऑईल साचलेलं असेल तर ते व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलमधून येतं, प्लगचा त्यात दोष नाही. आणि पांढऱ्या सिरॅमिकवर, लोखंडी भागाला लागून जी तपकिरी कडी दिसते ती बघून गॅस लीक होतोय असं बरेच जण घाबरतात, पण तो हाय व्होल्टेजमुळे ओढल्या गेलेल्या हवेतल्या तेलकट कणांचा डाग असतो, त्याचं काहीही करायचं नसतं.