पोलवर अपघात झाला तर: वीज कामगाराने भरपाई कशी मिळवावी

आमच्या युनियनच्या कार्यालयात जखमी माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हाताची पट्टी सुटलेली, पगार थांबलेला, आणि पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या सोडून एक कागद नाही. महावितरणचा जनमित्र म्हणजे लाइनमन असो, ठेकेदाराकडचा पोरगा असो की शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. भरपाईचा निम्मा निकाल अपघातानंतरच्या दोन दिवसांतच लागलेला असतो. कुणी काय लिहिलं, त्यावर.

पहिला तास: केसपेपर

आधी जीव. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या, नाहीतर जवळ असेल त्या दवाखान्यात. पण सोबत आपला एक माणूस जाऊ दे. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" त्या वेळी जो कुणी उत्तर देतो, त्याचं वाक्य केसपेपरवर उतरतं.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात आमचा एक कंत्राटी पोरगा डीपीवर डीओ (फ्यूज) टाकायला चढला. लाइन बंद आहे असं त्याला फोनवर सांगितलं होतं. उजवा हात मनगटापासून गेला. दवाखान्यात ठेकेदाराचा माणूस आमच्या आधी पोचला आणि सांगून मोकळा झाला, "घरी बोर्ड दुरुस्त करताना शॉक लागला." हे सहा शब्द खोडायला आम्हाला तीन वर्षं लागली.

म्हणून केसपेपरवर वेळ, जागा, विजेचा धक्का आणि "कामावर असताना" एवढं आलंच पाहिजे. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय) नोंद करायला सांगा आणि तिचा नंबर लिहून घ्या. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना लेखी अर्ज द्या.

पहिले दोन दिवस: चढायला कुणी सांगितलं?

पुढे सगळा वाद याच प्रश्नावर होतो. परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करायची लेखी परवानगी, घेतलं असेल तर त्याची प्रत, उपकेंद्राच्या लॉगबुकातली त्या तासाची नोंद, मोबाइलवरचे कॉल, ग्रुपवर आलेला मेसेज, पोल नंबरसह जागेचे फोटो, हे सगळं जमवा. पावसाळ्यात जागा आठवड्याभरात ओळखू येत नाही. सोबतच्या दोघांचे जबाब तारखेसह लिहून घ्या. महिन्याने तेच सोबती घाबरलेले असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

मालकाला अपघाताची लेखी सूचना युनियनच्या लेटरहेडवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. विजेच्या अपघाताला आणखी एक कागद असतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे तो विद्युत निरीक्षकाला कळवावाच लागतो: प्राणांतिक असेल तर २४ तासांत, आणि कुठल्याही अपघाताचा नमुन्यातला अहवाल ४८ तासांत. कळवण्याची जबाबदारी मालकाची, तरी युनियननेही निरीक्षकाला वेगळं पत्र द्यावं. त्यांच्या चौकशीत कुठला फिडर (वीजवाहिनी) चालू होता, अर्थिंग होतं की नाही, हे येतं. हा अहवाल दाव्याचा कणा असतो.

दार कोणतं, ते ठरवा

पगाराची स्लिप काढा. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, ०.७५ टक्के कपात दिसते का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना बहुधा ही योजना लागू असते. असेल तर भरपाई तिथूनच मिळते, मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. कामावरच्या इजेला किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. अपघात पहिल्या दिवशी झाला तरी हक्क आहे. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या टक्क्यांनुसार आयुष्यभर पैसे. यासाठी मालकाने अपघात अहवाल भरलेला असला पाहिजे, त्याची प्रत मागून घ्या.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई. १९२३ चा हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला गेला आहे. हिशोबाचं सूत्र तेच राहिलं.

हिशोब स्वतः करा

मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्के गुणिले तोच गुणांक. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने वेतन जास्तीत जास्त १५,००० धरलं आहे, पगार त्याहून जास्त असला तरी. गुणांक ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७.

म्हणजे ३५ वर्षांच्या लाइनमनला पूर्ण अपंगत्व आलं तर ९,००० गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४० रुपये.

आता नीट लक्ष द्या. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे टक्के दिले आहेत. अंगठा गेला तर ३०, एक हात गेला तर ६०. मालकाचा वकील हाच तक्ता पुढे करतो आणि रक्कम १०,६४,१२४ वर येते. पण एका हाताने पोलवर कोण चढणार? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव खटल्यात हाच प्रश्न एका सुताराच्या बाबतीत सोडवला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं न्यायालयाने धरलं. आमच्या पोरासाठी आम्ही हाच निकाल पुढे ठेवला. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसते अपंगत्वाचे टक्के नकोत, "लाइनमनचं काम करण्यास कायमचा असमर्थ" हे शब्द मागा. एवढ्या एका ओळीने ७,०९,४१६ रुपयांचा फरक पडतो.

इजा तात्पुरती असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के मिळतात, म्हणजे साधारण अर्धा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं.

ठेकेदार आणि कोरा कागद

"तू आमचा नाहीस, ठेकेदाराकडे जा," हे ऐकून परत फिरू नका. काम मूळ कंपनीच्या व्यवसायाचं असेल तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. ठेकेदाराकडून वसुली कशी करायची ते तो बघेल. दाव्यात दोघांनाही पक्षकार करा.

आमच्या पोराकडे कॉटजवळ स्टॅम्प पेपर आला होता. उजव्याला पट्टी, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावली. पन्नास हजार मिळाले, तक्रार नाही, असा मजकूर. त्याच्या आईने ती शाई पदराने पुसली होती, तो डाग मला अजून दिसतो. असा हक्क सोडल्याचा कागद कायद्याने शून्य आहे. मृत्यूच्या प्रकरणातही मालकाने वारसांच्या हातात परस्पर रक्कम टेकवली तर भरपाई दिली असं धरत नाहीत, ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच (जुन्या कायद्यात आयुक्त) जमा करावी लागते. सही झाली असली तरी दावा करा.

"बेल्ट लावला नव्हता, तुझी चूक," हेही ऐकावं लागेल. मुद्दाम नियम मोडल्याचा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात मालकाला चालत नाही.

दावा आणि नोकरी

अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. कोल्हापुरात हे दावे कामगार न्यायालयात चालत आले आहेत. अपघातानंतर महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो. दोन्ही अर्जातच मागा.

दावा चालू असताना सीपीआरमधून अपंगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा. सरकारी कंपनीतल्या कायम कामगाराला अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की त्याच वेतनश्रेणीवर दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर पद निर्माण करायचं. अर्जात हे कलम नाव घेऊन लिहा.

मालक अपिलात गेला तर त्याला आधी मंजूर रक्कम जमा करावी लागते. आणि त्या अपिलासाठी आता रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.