पिकअपचं डिफरन्शियल ऑइल घरी बदलताय? या चुका टाळा

डिफरन्शियल म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा डबा. ऑइल काढायच्या खालच्या ड्रेन प्लगला हात लावण्याआधी ऑइल भरायचा वरचा फिलर प्लग सुटतो का ते बघा. जुन्या गाडीत तो गंजून घट्ट बसलेला असतो. ऑइल खाली काढलं आणि वरचा प्लग हललाच नाही, तर गाडी दारातच अडकते. चौकोनी तोंड झिजवलं तर आणखी पंचाईत. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, तोंडात नेमका बसणाराच पाना वापरा.

दुसरी चूक फार जण करतात: फक्त मागची बाजू जॅकवर उचलून ऑइल भरणं. गाडी पुढे झुकली की ऑइल पुढच्या पिनियनकडे (छोट्या गिअरकडे) सरकतं. फिलर मागच्या बाजूला असेल तर पातळी कमी दिसते आणि ऑइल जास्त भरलं जातं. जादा ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं, ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या वाटेतून) बाहेर येतं; एक्सल सील ओलांडून मागच्या ब्रेक लायनरवर गेलं तर ब्रेकच लागत नाहीत. पिकअपखाली तसंही सरकता येतं, म्हणून सपाट जागेवर चारही चाकं टेकवूनच काम करा. चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा.

दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून मग ऑइल काढा. इंदूरच्या जानेवारीतल्या सकाळी थंड गिअर ऑइल काकवीसारखं चिकटून राहतं आणि तळातला गाळ आतच उरतो. हातमोजे घाला, ऑइल चांगलंच गरम असतं.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणं स्वाभाविक आहे. दाताचा तुकडा किंवा टोकदार चकत्या दिसल्या तर नुसतं ऑइल भरून भागणार नाही, क्राऊन-पिनियन (आतले मुख्य गिअर) खोलून बघावं लागेल. ऑइल दुधट असेल तर पाणी शिरलंय. तापलेली हाउसिंग पावसाळ्यातल्या ओढ्यात बुडाली की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं. माळव्याच्या काळ्या मातीने ब्रीदर बुजला असेल तर हे पाणी सीलमधून शिरतं. शिवाय आतला दाब सीलवर येऊन पिनियनकडून गळती सुरू होते. सील बदलूनही गळती थांबत नसेल, तर आधी ब्रीदर काढून साफ करा.

ग्रेडमध्ये काटकसर नको. डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर घसरतात, त्यांना जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ इथे ओतू नका. बहुतेक पिकअपना ८०डब्ल्यू-९० जाडीचं ऑइल चालतं, पण मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं, विशेषतः लॉकिंग (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) डिफरन्शियल असेल तर. प्रमाण साधारण दीड ते तीन लिटर, मॉडेलप्रमाणे. हातपंपाने सावकाश भरा. फिलरच्या खालच्या काठावरून थेंब गळू लागले की थांबा, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. तांब्याचा वॉशर नवा लावा आणि पान्याला पाइप लावून प्लग पिळू नका, आटे जातात.

नंतर गुणगुण येत असेल तर आधी पातळी आणि ग्रेड तपासा. दोन्ही बरोबर असून फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच ती वाढत असेल, तर बहुधा दात झिजलेत.

जुनं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. गटारात ओतलेलं इंदूरच्या कान्ह नदीत जातं.