हळदीच्या व्हिडिओवर कलर ग्रेडिंग शिका

ग्रेडिंग, म्हणजे व्हिडिओचे रंग आणि उजेड जुळवणं, शिकायला बसलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर फुकटचे पन्नास ‘सिनेमॅटिक’ लट (LUT, म्हणजे रंग बदलणाऱ्या तयार फाइली) उतरवतो. ते आधी डिलीट करा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-ग्रेडिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घ्या, लॅपटॉपचा नाइट मोड बंद करा आणि घरातल्याच कुणाच्या तरी हळदीची क्लिप उघडा. लॉगमध्ये (कॅमेऱ्याच्या फिकट दिसणाऱ्या मोडमध्ये) शूट केलं असेल तर आधी रेक. ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या स्क्रीनच्या रंग-मानकात, आणा. लिफ्ट (गडद भाग) आणि गेन (उजळ भाग) फिरवून वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, ० ते १०२३ च्या आत बसवा. ‘चेहऱ्याचा उजेड ७० टक्क्यांवर हवा’ हा सल्ला गोऱ्या कातडीसाठी आहे. सावळ्या नवरदेवाला उगाच उजळ करू नका.

खरी गोची व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असे रंग बसवण्याची. हळदीत सगळंच पिवळं: झेंडू, साड्या, मांडवाचं कापड, माणसं. ऑटो बॅलन्सला वाटतं, दिवाच पिवळा आहे, आणि ते निळा ओततं. मी ऑटो वापरलं नाही, तरी फसलोच. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये त्वचेची रेघ असते. कातडी गोरी असो वा काळी, रंगछटा त्या रेघेच्या आसपासच पडते, असं वाचलं होतं. मावसभावाचा चेहरा रेघेच्या पिवळ्या बाजूला दिसला, म्हणून अख्खी फ्रेम ओढून त्याला रेघेवर आणलं. बनियन नीळ जास्त झाल्यासारखा दिसायला लागला. आत्या म्हणाली, “अरे, पोराला हळद लावलीय की कुंकू?”

चूक रेघेची नव्हती. हळद लावलेला चेहरा पिवळाच असतो! म्हणून त्याच्यावरून बॅलन्स कधीच करू नका. हळद न लागलेलं पांढरं काहीतरी शोधा. मला बहुतेक वेळा मागे उभ्या आजोबांची टोपी सापडते. व्ह्यूअरवर (व्हिडिओ दिसतो त्या खिडकीवर) राइट क्लिक करून पिकरचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे चालू करा आणि कर्सर टोपीवर न्या. समजा २१२, २०५, १७१ आले, तर निळा कमी आहे; गेनमधला निळा हळूहळू वाढवा. तिन्ही आकडे अगदी समान करायच्या हट्टाला पेटू नका. पिवळ्या मांडवाखाली टोपी थोडी पिवळी दिसणारच. मग आजोबांचा कोरडा चेहरा रेघेजवळ आला का बघा. नवरदेव आपोआप रेघेच्या पिवळ्या बाजूला राहील, राहू द्या.

एकाच क्लिपकडे पाच मिनिटं बघत बसलात की डोळे कुठल्याही रंगाला सरावतात. शिफ्ट-डी दाबून मूळ क्लिप बघत राहा. ८ बिटचं (कमी रंगछटा साठवणारं) फुटेज फार ओढलं की भिंतीवर पट्टे उमटतात, तिथे थांबा.

बाकीचे शॉट पहिल्याचा स्टिल (साठवलेली फ्रेम) शेजारी ठेवून जुळवा. लूक द्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, वेगळ्या नोडवर (बदलांच्या स्वतंत्र टप्प्यावर), आणि जेवढा आवडला त्याच्या निम्मा. फाइल देण्याआधी फोनवर बघा, कारण आत्या तिथेच बघणार आहे.