रोड बाईकचं हँडल किती रुंद असावं?

लांब राईडनंतर मान आखडते, खांदे ठसठसतात आणि आपण सीट वरखाली करत बसतो. मूळ दुखणं बरेचदा हँडलच्या रुंदीत असतं. सायकलसोबत येणारं हँडल फ्रेमच्या साईजप्रमाणे बसवलेलं असतं, तुमच्या खांद्यांकडे बघून नाही. सारख्या उंचीच्या दोघांचे खांदे कमी-जास्त रुंद असू शकतात.

म्हणून आधी खांदे मोजा. एकट्याने हे नीट जमत नाही, कुणाला तरी मदतीला घ्या. हात सैल सोडून भिंतीला पाठ टेकून उभे राहा. मदतनीसाने कॉलरबोनवरून बोट बाहेरच्या दिशेने सरकवत न्यावं. शेवटी हाडाचा एक टणक उंचवटा लागतो. आता दंड थोडा फिरवा. उंचवटा जागचा हलला नाही, तर तोच आपला बिंदू. बोटाखाली हाड फिरलं, तर बोट दंडाच्या हाडावर गेलंय, थोडं आत या. दोन्ही बिंदूंच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खुणा करा आणि बाजूला होऊन त्यांच्यातलं अंतर मोजा. टेप छातीवरून नेलात तर गोलाईमुळे माप फुगतं.

हँडल साधारण 36 ते 46 सेंटिमीटरमध्ये, दोन-दोनच्या फरकाने मिळतात. तुमच्या मापाच्या सर्वांत जवळचं घ्या. मधोमध अडकलात तर मी लहान निवडायला सांगेन. खडबडीत रस्त्यावर किंवा सामान लादून फिरणाऱ्यांनी मात्र मोठं घ्यावं, तिथे ताबा महत्त्वाचा.

खरी फसगत पुढे आहे. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. फरक सुमारे 2 सेंटिमीटरचा, म्हणजे पूर्ण एक साईज! मी एकदा नुसता आकडा बघून हँडल मागवलं आणि ते एक साईज लहान निघालं. खाली फाकणाऱ्या हँडलचं ड्रॉपजवळचं (खालच्या वाकलेल्या भागाजवळचं) माप हूडजवळच्यापेक्षा, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी पकडीजवळच्यापेक्षा, जास्त असतं. तुमचा बराचसा वेळ हूड धरण्यात जातो, तेव्हा हूडजवळचं माप विचारा.

रेसिंगमध्ये अरुंद हँडलची ओढ आहे, कारण अंग आवळलं की हवा कमी अडते. हे इतकं वाढलं की यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, 2023 मध्ये बाहेरून बाहेर किमान 350 मिलिमीटरची अट घातली आणि 2026 पासून ती 400 मिलिमीटर केली. रोजच्या सायकलिंगसाठी त्या वाटेला जाऊ नका.

विकत घेण्याआधी सायकलवर बसून, हूड धरून, समोरून फोटो काढून घ्या. हात खांद्यांपासून मनगटापर्यंत जवळपास समांतर दिसले पाहिजेत. मनगटं खांद्यांच्या बाहेर गेली असतील तर हँडल रुंद आहे.

नवं हँडल घेताना स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) पकडीचा व्यास जुळवा, हल्ली बहुधा 31.8 मिलिमीटर असतो. बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळण्याच्या जोराइतकेच) आवळा, विशेषतः कार्बन असेल तर. हँडलवर पकडीची टेप गुंडाळण्याआधी ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कुठे ताणत नाही ना, ते बघा. अरुंद हँडल झटकन वळतं, त्यामुळे पहिल्या एक-दोन राईड मोकळ्या रस्त्यावरच करा.