जुन्या मोटारसायकलचा क्लच जुळवताना या चुका टाळा

हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली आणि त्या पिढीतल्या कितीतरी गाड्या आजही तालुक्याच्या गावांतून रोज धावताना दिसतात. त्यांच्या क्लचची रचना अगदी साधी आहे. हँडलवर लिव्हर, तिथून खाली जाणारी केबल, इंजिनाच्या उजव्या बाजूचा आर्म आणि आत ऑइलमध्ये फिरणाऱ्या प्लेटा, एवढाच तो कारभार. तरीही उत्तम अवस्थेतले क्लच केवळ चुकीच्या जुळवणीमुळे जळालेले पाहावे लागतात आणि त्या चुका दरवेळी त्याच असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, म्हणजेच प्ले, हा दोष समजून केबल ताणून ठेवणे. स्प्लेंडरला लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर प्ले असावा लागतो. लिव्हर सोडलेला असताना आतल्या स्प्रिंगांनी प्लेटा पूर्ण ताकदीने एकमेकींवर दाबून धराव्यात, यासाठीच ही ढील ठेवलेली असते. केबल ताणली की आर्म सतत थोडासा दाबलेला राहतो, स्प्रिंगांची पकड तेवढी कमी होते, प्लेटा घसरू लागतात आणि त्या घर्षणाच्या उष्णतेने त्यांचे अस्तर जळते. यापुढचा प्रकार अधिक वाईट असतो, कारण गाडी ओढत नाही असे दिसले की नवशिका मनुष्य क्लच ढिला झाला असे समजून केबल आणखी ताणतो.

आमच्या शेजारच्या एका तरुणाला बोट लावताच क्लच सुटला पाहिजे अशी आवड होती आणि त्यासाठी तो लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबल ताणण्याचा-सैल करण्याचा स्क्रू, सारखा पिळत असे. मी त्याला अनेकदा थांबवले, परंतु सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालत असल्यामुळे त्याला ते पटले नाही. चिपळूणहून कराडला जाताना, मागे माणूस बसलेला असताना, कुंभार्ली घाटाच्या मध्यावर इंजिन जोरात ओरडू लागले, गाडी मात्र पुढे सरकेना आणि जळका वास येऊ लागला. शेवटी गाडी टेम्पोत घालून खाली आणावी लागली. कव्हर उघडल्यावर अस्तराच्या प्लेटा काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या होत्या, तर लोखंडी प्लेटांवर उष्णतेने निळसर डाग पडले होते. गॅरेजमध्ये नवा संच बसला. नंतर मी लिव्हर हलवून पाहिला तेव्हा प्ले पुन्हा जवळजवळ शून्यावर ठेवलेला होता, म्हणजे बिघाड दुरुस्त झाला आणि त्याचे कारण जसेच्या तसे राहिले. तो प्ले मी तिथेच, गाडी अंगणाबाहेर जाण्यापूर्वी, पट्टी लावून जुळवून घेतला.

पाना हातात घेण्याआधी क्लच घसरतो आहे की अडकतो आहे, हे ठरवले पाहिजे. इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, विशेषतः चढावर, तेव्हा क्लच घसरत असतो आणि प्ले वाढवून पाहायचा असतो. लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर खडकन पडत असेल, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नसेल किंवा गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर क्लच पुरता सुटत नसतो आणि प्ले कमी करायचा असतो. या दोन्ही दोषांवर एकच उपाय करणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

प्ले कोणत्या दिशेने बदलतो, याचीही नोंद ठेवावी. केबल ताणली जाऊन लांबते तसा प्ले वाढतो, तर प्लेटा झिजतात तसा तो कमी होतो. म्हणून हात न लावता प्ले घटू लागला, तर प्लेटांचे आयुष्य संपत आले आहे असे मी धरून चालतो.

मोजमाप थंड इंजिनावर आणि लिव्हरच्या टोकाशी करावे. काही गाड्यांच्या पुस्तिकांत लिव्हरच्या बुंध्याशी २ ते ३ मिलिमीटर असे माप दिलेले असते. ते टोकाशी लावले तर केबल ताणलेलीच राहणार. जुळवणी झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले तेवढाच राहतो का, हेही पाहावे.

वरचा अ‍ॅडजस्टर हाताशी असल्यामुळे सगळे काम त्याच्यावरच उरकण्याची घाई मला मुळीच मान्य नाही. तो बाहेर येत येत दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि एका खड्ड्यात वाकतो. मी तो आधी जवळजवळ पूर्ण आत घेतो, मोठा फरक इंजिनाजवळच्या नटांवर काढतो आणि वरचा केवळ बारीक फरकासाठी राखून ठेवतो. लॉकनट, म्हणजे अ‍ॅडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट, घट्ट केल्यावर अ‍ॅडजस्टर, नट आणि लिव्हरच्या बैठकीवरील खाचा एका रेषेत राहू देऊ नयेत, नाहीतर पावसाचे पाणी थेट केबलमध्ये उतरते. खालचे नट संपले तर वॉशर भरणे किंवा आर्म वाकवणे हे उपाय नव्हेत, केबल बदलावी.

केबल बहुतेक वेळा लिव्हरमधल्या निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीपाशी, तुटते, कारण कोरडे पडलेले निपल फिरत नाही आणि तार दरवेळी त्याच जागी वाकते. तिथे ग्रीसचा एक थेंब पुरतो. लिव्हरचा बोल्ट इतका आवळू नये की लिव्हर स्वतःहून परत येणार नाही. चालवताना बोटे लिव्हरवर टेकवून ठेवणे हे केबल ताणण्यासारखेच आहे.

प्ले योग्य असूनही क्लच घसरत असेल, तर इंजिन ऑइल पाहावे. कारसाठीच्या काही ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि ती अशा ऑइलमध्ये फिरणाऱ्या, म्हणजेच ओल्या क्लचला चालत नाहीत, म्हणून डब्यावर जासो एमए (JASO MA) ही ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीच्या ऑइलची खूण पाहूनच ऑइल घ्यावे. त्यानंतरही घसरण थांबली नाही, तर कव्हर उघडून प्लेटा बदलाव्यात आणि नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर त्याच ऑइलमध्ये भिजत ठेवाव्यात. मेकॅनिक घाईत असला तरी एवढा वेळ त्याच्याकडून आग्रहाने मागून घ्यावा.