घर बदलताना जलरंगाचं काम थांबू नये म्हणून

डोंबिवलीहून नाशिकला बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा भांड्यांच्याही आधी मी एक पिशवी भरली. हाफ पॅनची, म्हणजे वाळलेल्या रंगाच्या लहान वाट्यांची, छोटी डबी, दोन गोल ब्रश, पोस्टकार्डाच्या मापाचे कागद, झाकणाची बाटली, सुती फडकं. ही पिशवी टेम्पोत टाकायची नाही, खांद्यावरच ठेवायची. ट्यूबमधले रंग पॅनमध्ये भरून काही दिवस आधीच वाळवा, नाहीतर वाटेत एकमेकांत वाहतात.

खरी काळजी कागदाची. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा, जाड) कॉटन कागद महाग, आणि दमटपणाने त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारी खळ, गेलं की तो टिपकागदासारखा रंग पितो. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा हात, मग पडतच नाही. पावसाळ्यात हलवत असाल तर कोरे कागद जाड प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या घालून, दोन प्लायच्या मध्ये सपाट बांधा. पूर्ण झालेल्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला. काचेच्या फ्रेमा मात्र उभ्याच न्यायच्या. ब्रश पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळू नका, बुरशी येते.

नव्या घरी स्वयंपाकघर आधी लागणार, लागू द्या. पण उत्तरेकडची एक खिडकी खोक्यांपासून मोकळी ठेवाच. तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, उजेड स्थिर राहतो. सगळं लागेपर्यंत मोठं चित्र घेऊ नका. सकाळच्या चहानंतर एक पोस्टकार्ड पुरे: गच्चीवरची टाकी, दूधवाल्याची सायकल. नळाला बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर रंगांसाठी आरओचं वापरा.