कोलायडरमधली हरवलेली एनर्जी कशी मोजायची

फोंडा-म्हापशाच्या कॉलेजात बीएस्सी फिजिक्स करणाऱ्या पोरांसाठी लिहितोय, लॅपटॉप आणि सीएमएसचा (सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या कोलायडरवरचा, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रावरचा, एक डिटेक्टर) ओपन डेटा असला की घरी बसूनही हे जमतं.

न्यूट्रिनो हा कशाशी फारसा न भिडणारा कण डिटेक्टरमधून काही मागमूस न ठेवता निघून जातो, म्हणून त्याला बाकीच्यांच्या हिशोबातून पकडायचं. टकरीआधी बीमला आडवा मोमेंटम जवळजवळ शून्य, मग नंतरची बेरीजही शून्यच यायला हवी. बीमच्या दिशेचं सोडून द्या, तिथे बरंच काही पाइपमधूनच निसटतं.

आता प्रत्येक कणाचा पीएक्स आणि पीवाय (आडव्या मोमेंटमचे एक्स आणि वाय दिशेतले भाग) घ्या, दोघांची वेगवेगळी बेरीज करा आणि चिन्हं उलटी करा, जे येईल तीच हरवलेली एनर्जी. समजा इलेक्ट्रॉन ४० जीईव्ही (कणांची एनर्जी मोजायचं एकक) एक्सकडे, जेट (एकाच दिशेने निघालेला कणांचा झोत) ३० वायकडे, तर हरवलेले ५० जीईव्ही, दिशा बरोब्बर उलटी. ७० लिहू नका, हे व्हेक्टर आहेत बाबांनो! आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) विसरलात तर सगळंच बोंबलेल, कारण तो कॅलोरिमीटरमध्ये (डिटेक्टरच्या एनर्जी मोजणाऱ्या भागात) फारच थोडी एनर्जी सोडतो नि आकडा उगाच फुगतो.

१९८३ साली सर्नमध्ये डब्ल्यू बोसॉन (इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोत मोडू शकणारा कण) याच युक्तीने सापडला, भारीच काम! पण तुमचा आकडा मोठा आला म्हणून लगेच डार्क मॅटर म्हणू नका, आधी नॉइज, चुकीचा मोजलेला जेट, पाइलअप (त्याच वेळी झालेल्या इतर टकरींची भेसळ) बघा. झेड बोसॉन हा कण दोन म्यूऑनमध्ये मोडला असे इव्हेंट घेऊन तपासा, तिथे न्यूट्रिनो नसतो, म्हणजे जे हरवलेलं दिसेल ती बहुतेक मोजणीचीच चूक.